लस आणि वावडे : शंका, शोध आणि समाधान



घरात तान्हे बाळ आले की त्याच्या जन्मपत्रिकेबरोबर आणखी एक पत्रिका घरात येते, ती लसीकरणाची. जन्मतः बी.सी.जी., मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट व इतर लसी, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, दीड वर्षाच्या सुमारास पुन्हा वाढीव मात्रा. मागच्या पिढीने ही पत्रिका फारसा प्रश्न न विचारता पाळली. आजची सुशिक्षित माता प्रश्न विचारते आणि तो विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. जिच्या मांडीवर मूल आहे, तिने डोळे मिटून काही स्वीकारावे, अशी अपेक्षा कोणी करू नये.

या प्रश्नांमध्ये एक प्रश्न अलीकडे वारंवार ऐकू येतो. ‘इतक्या लसी टोचल्यामुळेच तर मुलांना दमा, इसब, सकाळच्या शिंका, खाण्यापिण्याची वावडी असे विकार जडत नाहीत ना?’ ज्या घरात आजोबांना दमा आहे किंवा आईला धुळीचे वावडे आहे, त्या घरात हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही. तेथे तो निर्णय बनतो. ‘यावेळची लस पुढच्या महिन्यात पाहू’ असे म्हणता म्हणता सहा महिने निघून जातात आणि ज्या वयात बाळाला संरक्षणाची सर्वाधिक गरज असते, नेमके तेच वय उघडे पडते. म्हणून या शंकेची टवाळी न करता तिचा मुळापासून विचार करणे आवश्यक आहे.

अ‍ॅलर्जी या शब्दाचा जन्म

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द लस टोचणाऱ्या वैद्यांच्याच निरीक्षणातून जन्माला आला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक हे घटसर्पाच्या रुग्णांना घोड्याच्या रक्तापासून तयार केलेली प्रतिविषाची लस देत असत. दुसऱ्यांदा टोचलेल्या मुलाच्या अंगावर पुरळ, ताप, सूज ही लक्षणे पहिल्या वेळेपेक्षा लवकर आणि जोराने उठतात, असे त्यांना आढळले. देवीची लस पुन्हा टोचलेल्या मुलांतही शरीराची प्रतिक्रिया बदललेली दिसे. या ‘बदललेल्या प्रतिक्रिये’साठी पिर्के यांनी १९०६ मध्ये ग्रीक धातूंपासून ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द घडविला. रोगापासून मिळणारे संरक्षण आणि शरीराची अतिरेकी प्रतिक्रिया ही दोन्ही त्यांच्या मूळ अर्थाने एकाच शक्तीची दोन रूपे होती.

शरीर एकदा भेटलेल्या परक्या द्रव्याची आठवण ठेवते. ती आठवण योग्य शत्रूची असेल तर ती प्रतिकारशक्ती ठरते. परागकण, धुळीतील सूक्ष्म कीटक, शेंगदाणा, अंडे अशा निरुपद्रवी गोष्टींनाच शत्रू मानून शरीर त्यांच्यावर तुटून पडले, तर ते वावडे ठरते. घरात चोर शिरला असता भुंकणारा कुत्रा हा राखणदार असतो; तोच दारी आलेल्या दूधवाल्याला चावू लागला तर व्याधी होतो. या दुसऱ्या प्रकारात मुख्य भाग घेणारे ‘आयजीई’ नावाचे प्रतिपिंड १९६० च्या दशकात ओळखले गेले. तेव्हा, प्रतिकारशक्तीला शिकविणारी लस तिला चुकीचा धडा तर देत नाही ना, ही शंका निराधार म्हणता येणार नाही. ती शास्त्राच्या पोटातूनच आलेली आहे.

शंका कशी बळावली?

परागकणांमुळे होणाऱ्या शिंका-सर्दीचे सविस्तर वर्णन जॉन बॉस्टॉक या इंग्रज वैद्याने १८१९ मध्ये केले. ती व्याधी त्याला स्वतःलाच होती आणि त्या काळी तिचे रुग्ण शोधूनही विरळा सापडत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र पाश्चात्त्य देशांत दमा, इसब आणि परागज्वर यांचे प्रमाण झपाट्याने वाढले. नेमक्या याच काळात लसींची संख्याही वाढली. दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या की एकीचे कारण दुसरीत शोधण्याचा मोह होतोच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तरी फांदी कावळ्यानेच मोडली असे सिद्ध होत नाही. पण मोडलीच नसेल असेही न तपासता म्हणता येत नाही.

१९८९ मध्ये डेव्हिड स्ट्राखन या ब्रिटिश संशोधकाने मार्च १९५८ च्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या १७,४१४ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांना मोठी भावंडे अधिक, त्यांना परागज्वर कमी, असे तिच्यातून दिसले. भावंडांकडून लहानपणी मिळणारा जंतुसंसर्गच पुढे वावड्यापासून वाचवीत असावा, असा तर्क त्यांनी मांडला. हाच तो प्रसिद्ध ‘स्वच्छतेचा सिद्धांत’. यावरून काहींनी पुढचे पाऊल टाकले. संसर्ग उपकारक असेल, तर संसर्ग टाळणारी लस अपकारक असली पाहिजे!

१९९४ मध्ये मिशेल ओदाँ आणि सहकाऱ्यांनी ४४६ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांत डांग्या खोकल्याची लस घेतलेल्या मुलांत दमा अधिक आढळला होता. १९९७ मध्ये जपानमधून नेमके उलट्या दिशेचे वृत्त आले. क्षयाच्या चाचणीला ज्या शाळकरी मुलांचे शरीर ठळक प्रतिसाद देत होते, त्यांना वावड्याचे विकार कमी होते. म्हणजे एक लस गुन्हेगार आणि दुसरी बहुधा उपकारकर्ती, असे चित्र उभे राहिले. दोन्ही अभ्यास प्रामाणिक होते, पण दोन्ही प्राथमिक होते. आरोपपत्र दाखल झाले होते. साक्षीपुरावा अजून व्हायचा होता.

साक्षीपुरावा काय सांगतो?

अशा प्रश्नात सर्वांत विश्वासार्ह साक्ष सोडत पद्धतीच्या चाचणीची. कोणत्या बालकाला कोणती लस मिळावी हे पालकांच्या मतावर न सोडता चिठ्ठीने ठरवायचे आणि मग दोन्ही गटांची तुलना करायची. डांग्या खोकल्याबाबत अशी चाचणी स्वीडनमध्ये शक्य झाली, कारण त्या देशाने जुन्या लसीच्या परिणामकारकतेविषयी आणि सुरक्षिततेविषयी शंका आल्यामुळे १९७९ पासून १९९६ पर्यंत ही लस सार्वत्रिक कार्यक्रमातून काढून टाकली होती. नव्या लसींच्या चाचणीतील ६६९ मुलांवर पुढे वावड्याच्या दृष्टीने लक्ष ठेवण्यात आले. काहींना डांग्या खोकल्याची लस मिळाली होती, काहींना नव्हती. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दोन्ही गटांत वावड्याच्या विकारांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

दुसरी साक्ष मोठ्या संख्येची. अमेरिकेत १,६७,२४० मुलांच्या नोंदी तपासून २००२ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात नेहमीच्या बाललसींमुळे दम्याचा धोका वाढल्याचे आढळले नाही. जर्मनीत १ ते १७ वर्षे वयाच्या १३,४५३ मुलांची आरोग्यपाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अजिबात लस न घेतलेली मुले एक टक्क्याहूनही कमी होती, तरी त्यांच्यात आणि लस घेतलेल्यांत वावड्याच्या प्रमाणाबाबत फरक दिसला नाही. फरक दिसला तो दुसऱ्याच गोष्टीत. लसीने टळणारे आजार लस न घेतलेल्यांना अधिक झाले होते.

तिसरी साक्ष विशेष उद्बोधक आहे, कारण ती आकडे कसे फसवितात हे दाखविते. ब्रिटनमधील २९,२३८ मुलांच्या २००४ च्या अभ्यासात प्रथमदर्शनी लस घेतलेल्या मुलांत दमा आणि इसब खरोखरच अधिक दिसले. संशोधक तेथे थांबले असते तर केवढा गहजब झाला असता! पण त्यांनी पुढे पाहिले. हा संबंध केवळ अशा थोड्या मुलांत होता, ज्यांना त्यांचे पालक वैद्याकडे क्वचितच नेत. जे मूल दवाखान्यात जातच नाही, त्याला लसही मिळत नाही आणि त्याच्या दम्याची नोंदही होत नाही. व्याधी नसते असे नव्हे; वहीत नसते. हा वहीचा दोष बाजूला काढताच लसीवरील आरोपही गळून पडला.

चौथी साक्ष इतिहासाने दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले. वंश तोच, भाषा तीच, हवामान तेच. पूर्व जर्मनीत लसीकरण सक्तीचे होते, पश्चिमेत ऐच्छिक. लसीमुळे वावडे वाढत असते तर पूर्वेत ते अधिक हवे होते. भिंत पडल्यावर एरिका फॉन मुटियुस आणि सहकाऱ्यांनी पूर्वेच्या लाइपझिग व हाले येथील मुलांची पश्चिमेच्या म्युनिकमधील मुलांशी तुलना केली. परागज्वर आणि वावड्याची प्रवृत्ती पूर्वेत कमी होती! एकीकरणानंतर पूर्वेची राहणी पश्चिमेसारखी होऊ लागली आणि पुढच्या काही वर्षांतच लाइपझिगच्या मुलांमध्ये परागज्वर वाढला. बदलली होती ती राहणी.

विरोधी पुरावाही तपासू

एकाच बाजूचे पुरावे मांडणे हे प्रबोधन नव्हे. विरोधी बाजूचेही ऐकले पाहिजे. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात ११,५३१ मुलांच्या २००८ च्या अभ्यासात त्रिगुणी लस उशिरा घेतलेल्यांत दमा कमी आढळला. मात्र येथे उशीर चिठ्ठीने ठरलेला नव्हता. तो कुटुंबांनी केलेला होता. लस लांबविणारे कुटुंब आहार, राहणी, दवाखान्याची सवय अशा अनेक बाबतींत वेगळे असू शकते. स्वीडनमधील स्टायनर पद्धतीच्या शाळांतील मुलांचेही असेच. त्यांच्यात वावडे कमी आढळले, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या घरी लसी कमी घेतल्या जात हे खरे. पण प्रतिजैविकेही कमी वापरली जात आणि आंबविलेल्या भाज्या नित्य जेवणात असत. या सर्वांतून एकट्या लसीलाच वेचून दोषी ठरविणे न्यायाचे नाही.

अलीकडची शंका लसीतील अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांविषयी आहे. लसीचा प्रभाव वाढावा म्हणून हे क्षार १९२६ पासून वापरात आहेत. प्रयोगशाळेतील प्राण्यांमध्ये ते आयजीईच्या दिशेने झुकणारी प्रतिक्रिया उठवितात, म्हणून प्रश्न रास्त होता. अमेरिकेतील सुमारे ३ लाख २७ हजार मुलांच्या २०२२ च्या अभ्यासात अशा लसींची मात्रा अधिक मिळालेल्या मुलांत दम्याचे प्रमाण काहीसे अधिक दिसले. यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही आणि लसीकरणाचे धोरण बदलण्याइतका हा पुरावा नाही, असे त्या संशोधकांनीच स्पष्ट केले. मग डेन्मार्कमध्ये १९९७ ते २०१८ या काळात जन्मलेल्या सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदी तपासण्यात आल्या. २०२५ च्या जुलैमध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५० विकार पाहिले गेले आणि त्यांत दमा, इसब, अन्नाचे वावडे यांसारखे नऊ विकार होते. अ‍ॅल्युमिनियमयुक्त लसींमुळे त्यांचा धोका वाढल्याचे आढळले नाही. शंका आली, ती दडपली गेली नाही, चौपट मोठी तपासणी झाली. शास्त्राची रीत हीच.

याच न्यायाने लसीला संजीवनी मानण्याचेही कारण नाही. बी.सी.जी. वावड्यापासून वाचविते काय, याची सोडत पद्धतीची चाचणी डेन्मार्कमध्ये ४,२६२ नवजात बालकांवर झाली. फायदा झालाच तर तो ज्यांच्या घरात वावड्याची परंपरा आहे अशा बालकांच्या इसबापुरता आणि अल्प होता. बी.सी.जी. द्यायची ती बालकांतील क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून रक्षणासाठी. तिचे काम तेवढे आणि ते पुरेसे मोठे आहे.

‘नैसर्गिक’ रोगाचे गोडवे

‘लस नको, रोग नैसर्गिकरीत्या होऊन जाऊ द्या, त्याने शरीर कणखर होते’ असे सांगणारेही भेटतात. स्ट्राखन यांच्या निरीक्षणाचा हा विपर्यास आहे. प्रतिकारशक्तीला घडविणारे सूक्ष्मजीव म्हणजे मातीतले, गोठ्यातले, भावंडांच्या संगतीतले, आतड्यात वसणारे असंख्य सहचर. लस त्यांपैकी कोणालाही हात लावीत नाही. ती टाळते मोजक्या डझनभर जीवघेण्या रोगांना. बालकाच्या शाळेत गुरुजन असावेत, दरोडेखोर नव्हेत!

गोवराचेच पाहा. फिनलंडमध्ये ५,४७,९१० मुला-तरुणांच्या नोंदींचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. गोवर होऊन गेलेल्यांत इसब, शिंका-सर्दी आणि दमा हे विकार कमी नव्हते, उलट अधिक होते. पुढे २०१९ मध्ये असे दिसून आले की गोवर हा पूर्वी कमावलेल्या प्रतिपिंडांच्या साठ्यापैकी ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत भाग पुसून टाकू शकतो. म्हणजे गोवर शरीराला नवा धडा देतो, पण आधीची सारी वही भिजवून टाकतो. यात कणखरपणा कोठे आला?

मग मूळ कोठे आहे?

वावड्याचे मूळ एका कारणात नाही. आनुवंशिकता आहेच, पण दोन-तीन पिढ्यांत आनुवंशिकता बदलत नाही, राहणी बदलते. ‘इसाक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक पाहणीत ५६ देशांतील ४ लाख ६३ हजारांहून अधिक १३-१४ वर्षांच्या मुलांची माहिती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात महाराष्ट्रातील अकोला, पुणे, मुंबई या केंद्रांचाही समावेश होता. दम्याच्या लक्षणांचे प्रमाण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड येथे सर्वाधिक, तर भारत, चीन, इंडोनेशिया यांसारख्या देशांत कमी होते.

अमेरिकेतील अमिश आणि हटराइट या दोन शेतकरी पंथांची तुलना २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. दोघांचे मूळ मध्य युरोपात. दोन्हींकडे मुले पुष्कळ, स्तनपान दीर्घ, धूम्रपान विरळ आणि बाललसीकरणही प्रचलित. तरीही हटराइट मुलांत दमा अमिश मुलांच्या चौपट. भेद होता शेतीच्या पद्धतीत. अमिशांची शेती घोड्यांची आणि गोठा घराला लागून. हटराइटांची शेती मोठ्या यंत्रांची आणि मुलांपासून दूर. अमिश घरांतील धुळीत जंतुजन्य द्रव्यांचे प्रमाण जवळजवळ सातपट होते. गाय, गोठा, अंगण आणि भावंडे यांच्या सहवासात बालपण जावे, असे मानणाऱ्या समाजाला यात नवल वाटणार नाही. मात्र गोठ्याचा हा गुण लसीच्या जागी वापरता येत नाही. गोठा धनुर्वातापासून वाचवीत नाही.

आहाराचीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वावड्याच्या भीतीने पाश्चात्त्य वैद्य बालकांना शेंगदाण्यापासून वर्षानुवर्षे दूर ठेवायला सांगत. लंडनमध्ये वावड्याचा धोका असलेल्या ६४० बालकांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१५ मध्ये आला. लहानपणीच शेंगदाण्याचे पदार्थ खाऊ घातलेल्यांत त्याचे वावडे ८० टक्क्यांहून अधिक कमी झाले! भीतीपोटी घेतलेला पवित्राच उलटला होता. याउलट सिगारेटचा धूर, चुलीचा कोंडलेला धूर, रस्त्यावरील वाहनांचा धूर हे दम्याला चेतविणारे घटक निर्विवाद आहेत. घरात बिडी-सिगारेट ओढणाऱ्या वडिलांनी बाळाच्या लसीविषयी चिंता व्यक्त करावी, हे म्हणजे साप सोडून भुई धोपटण्यासारखे आहे.

लसीचे खरे वावडे

लसीमुळे दमा होत नाही, याचा अर्थ लसीचे वावडे कोणालाच नसते असा नव्हे. क्वचित एखाद्याला लसीतील घटकाची तीव्र प्रतिक्रिया येते : अंगावर गांधी उठणे, ओठ-चेहरा सुजणे, श्वास कोंडणे, रक्तदाब घसरणे. अमेरिकेतील अडीच कोटींहून अधिक मात्रांच्या पाहणीत अशा ३३ घटना आढळल्या. म्हणजे दहा लाख मात्रांमागे एकाहून किंचित अधिक. ही प्रतिक्रिया बहुधा लवकर सुरू होते आणि तिच्यावर अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन हा वेळेवर द्यावयाचा नेमका उपाय आहे. म्हणूनच लस टोचल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबायला सांगतात. तो अर्धा तास म्हणजे वेळेचा अपव्यय नव्हे, ती बाळाची राखण आहे.

जपानने एक महत्त्वाचा धडा दिला. तेथे १९९० च्या दशकात गोवरासारख्या जिवंत लसींनंतर तीव्र प्रतिक्रियांच्या घटना वाढल्या. शोध घेता कारण रोगाच्या विषाणूत नव्हे, तर लस टिकावी म्हणून घातलेल्या जिलेटिनमध्ये सापडले. त्याआधी दिलेल्या डांग्या खोकल्याच्या लसीतील अल्प जिलेटिननेच काही मुलांच्या शरीरात हे वावडे रुजविले होते. तेथील लसींतून जिलेटिन काढून टाकण्यात आले आणि घटना ओसरल्या. दोष होता, तो शोधला गेला, दूर केला गेला. लसीवरील विश्वास आंधळा नसावा. तो अशा जागरूकतेवर उभा असावा.

अंड्याचे वावडे असलेल्या मुलाला गोवराची लस चालेल काय, हाही नेहमीचा प्रश्न. अनेक देशांतील गोवर-लस कोंबडीच्या गर्भपेशींवर वाढविलेली असते. तरी अंड्याचे वावडे असलेल्या ५४ मुलांना ती सुरक्षितपणे दिल्याचा अभ्यास १९९५ मध्येच प्रसिद्ध झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवर-लस तर मानवी पेशींवर वाढविली जाते.

भीतीची किंमत

लस थांबविल्यावर काय होते, याचेही उत्तर इतिहासाने लिहून ठेवले आहे. १९७४ मध्ये जपानमध्ये डांग्या खोकल्याचे ३९३ रुग्ण होते आणि मृत्यू एकही नव्हता. १९७५ मध्ये लसीनंतर दोन बालके दगावल्याने लसीकरण स्थगित झाले. पुढे ते वाढीव वयात सुरू झाले, तरी लोकांचा विश्वास उडाला होता आणि लस घेणारी बालके दहातील एकावर आली. १९७९ मध्ये सुमारे १३,००० रुग्ण आणि ४१ मृत्यू नोंदले गेले. दोन मृत्यूंचे दुःख खरेच होते. पण भीतीने त्या दोनांवर एकेचाळीस रचले. दूर कशाला, २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली आणि त्यात बालके मृत्युमुखी पडली. ज्यांच्या लसी राहून गेल्या होत्या, त्या मुलांना तिने विशेषकरून गाठले.

टोचून घेणे ही भारतभूमीला परकी गोष्ट नाही. बंगालमध्ये देवी टोचण्याची जुनी पद्धत होती आणि तिचे वर्णन जॉन हॉलवेल याने १७६७ मध्ये लिहून ठेवले. ते टोचणारे ऋतू पाहत, पथ्य सांगत, घरोघर चौकशी करीत. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातील ती पहिली. १९७५ मध्ये देश देवीमुक्त झाला आणि २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित झाला. हे यश दारोदार गेलेल्या परिचारिकांचे आहे, तसेच दार उघडणाऱ्या मातांचेही.

घराने काय करावे?

वावड्याची परंपरा असलेल्या घराने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घरात कोणाला दमा असणे, बाळाला इसब असणे, धुळीचे वा दुधाचे वावडे असणे, ही लस टाळण्याची कारणे नाहीत. उलट दमेकरी मुलाला फ्लू किंवा डांग्या खोकला झाला तर त्याचे हाल अधिक होतात. त्याला संरक्षणाची गरज इतरांहून जास्त. लसीच्या आदल्या मात्रेनंतर श्वास कोंडणे, चेहरा सुजणे अशी तीव्र प्रतिक्रिया आली असेल, किंवा लसीतील एखाद्या घटकाचे तीव्र वावडे आधीच ठाऊक असेल, तर ती गोष्ट परिचारिकेला व वैद्याला अगोदर सांगावी आणि तज्ज्ञाच्या सल्ल्याने पुढचा निर्णय घ्यावा. टोचल्याजागी सूज आणि एक-दोन दिवस ताप हे वावडे नव्हे. लस घेतल्यावर अर्धा तास थांबावे, पत्रिका जपून ठेवावी, पुढची तारीख विचारून घ्यावी. वेळापत्रक चुकले असेल तर खजील न होता केंद्र गाठावे. बहुतेक लसी पुढे पूर्ण करता येतात.

आणि वस्तीवस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्याने काय करावे? ज्या मातेच्या मनात शंका आहे, तिला अडाणी ठरवू नये. तिच्याजवळ बसावे, शंका पूर्ण ऐकावी. हाच प्रश्न मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही पडला होता, हे तिला सांगावे. त्यांनी तो तीस वर्षे तपासला आणि लस निर्दोष ठरली, हेही सांगावे. एवढ्यावर न थांबता लसीकरणाच्या दिवशी तिच्यासोबत केंद्रावर जावे आणि तो अर्धा तास तिच्याशेजारी बसावे. भीती बहुधा युक्तिवादाने निम्मी जाते. उरलेली निम्मी सोबतीने जाते.

बालक स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकत नाही. त्याच्या वतीने तो घरातील मोठ्यांना घ्यावा लागतो. तो भीतीने न घेता विचाराने घ्यावा आणि विचार पूर्ण झाला की विलंब न करता घ्यावा. ज्या घरात या क्षणी एखादी लसीकरणाची पत्रिका अर्धवट भरलेली असेल, त्या घराने आज ती काढून पाहावी. तिच्यातील रिकामा रकाना भरणे, एवढेच या सर्व विवेचनाचे फलित आहे.